दिवेलागणीपर्यंत मौन

सर्वांत खालचा काप

डोक्याचे स्कॅन खालून वर वाचायचे असते. आधी मान संपते ती जागा, मग कवटीचा तळ, मग डोळ्यांच्या खोबण्या, मग मेंदू. एकेक काप. हेमावती रोज अशी डोकी वाचते. पडद्यावर नावे नसतात, नुसते क्रमांक असतात. मेंदूच्या रक्तवाहिनीत जिथे गुठळी अडकली असेल तिथे ती माउसने बारीक कुंपण घालते. कुंपणाच्या आत किती पांढरे आहे ते प्रोग्रॅम मोजतो.

पडद्यावर पांढरी दिसते ती गुठळी लाल पेशींनी भरलेली, मऊ. नळीने ओढली की सहसा येते. करडी दिसते ती धाग्यांनी विणलेली, चिवट. नळीला दाद देत नाही, जाळी लागते, आणि जाळीतही तुटते. हातात घेतल्यावर रंग उलटे होतात म्हणे, पांढरी ती लाल आणि करडी ती पांढरी. हेमाने हातात घेतलेली नाही. ती पडद्याच्या अलीकडे असते.

प्रोग्रॅम शेवटी एक आकडा देतो. अशा शंभर माणसांपैकी इतक्यांची गुठळी पहिल्या खेपेत निघेल.

आज दुपारी पडद्यावर जे डोके आले त्यालाही क्रमांकच होता. पण उजव्या कानामागे, हाडावर, एक जुना खळगा होता. लहानपणी तंजावरच्या तळ्यावर पायरीवरून पडल्याची खूण. तिने लहानपणी त्या खळग्यात बोट घालून पाहिले होते.

अप्पा.


हा काप हलला आहे, पुन्हा घ्यावा

"शेवटचे बरे कधी दिसले?" डॉक्टर रामस्वामींनी विचारले. मेंदूत नळी नेऊन गुठळी काढणारे हेच. घाईत होते. उभ्या उभ्याच बोलत होते.

"काल रात्री," अम्मा म्हणाली. "मुलाला, नवीनला, फोनवर शिव्या घाटल्या की."

"आज सकाळी?"

"आज एकादशी."

"एकादशी बरोबर मा. सकाळी नीट बोलत होते का?"

"एकादशीला तेनी बोलत नाहीत."

पुन्हा घेऊ.

सत्यनारायण राव, वय सत्त्याहत्तर, वेस्ट मांबलम, निवृत्त गणिताचे शिक्षक. दर एकादशीला उठल्यापासून दिवेलागणीपर्यंत मौन. अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही, शब्द नाही. वडिलांनी केले, आजोबांनी केले, तंजावरपासून चालत आलेले. देवापाशी दिवा लागला की मौन सुटते. पाणी दुसऱ्या दिवशी. मौन सुटले की मात्र ऐकणाऱ्याची सुटका नसते. दिवसभर साठवलेले सगळे टोमणे एका दमात बाहेर पडतात. पेपरवाल्याने पेपर ओल्यात टाकला. शेजारच्या रंगाने स्कूटर पुन्हा आपल्या दारात लावली. आणि अम्माला, विजयी, तू फोनवर तासभर कोणाशी हसत होतीस?

म्हणजे आज त्यांची वाचा कधी गेली ते कोणालाच ठाऊक नाही. दिवसभर माणूस गप्प बसला आणि घरातल्या सगळ्यांनी ते पुण्य समजले.

पुन्हा घेऊ.

सकाळी निघताना हेमा दारातून म्हणाली होती, "येते अप्पा." अप्पा समोर देवघरात, खुर्चीत जपमाळ घेऊन बसले होते. त्यांनी हात वर केला होता.

कोणता हात?


मधला काप

वेळ ठाऊक नाही म्हणजे गुठळी विरघळवायचे इंजेक्शन बाद. ते सुरुवातीच्या थोड्या तासांचे असते. उरला एकच रस्ता. मांडीतून नळी मेंदूपर्यंत न्यायची आणि गुठळी ओढून काढायची.

रामस्वामी पडद्यासमोर हेमाच्या शेजारी उभे राहिले. "वाचण्यासारखा भाग अजून आहे," ते म्हणाले. मेंदूच्या डाव्या अर्ध्यावर, जिथे बोलणे राहते, तिथे एक मोठा हिरवा डाग होता आणि त्याच्या मधोमध छोटा लाल. लाल म्हणजे गेलेले. हिरवे म्हणजे तहानेने तडफडणारे. "पण वय बघ. वेळेचा पत्ता नाही. गुठळी चिवट असली तर मी नुसता नस फाडून बाहेर येईन. खरं सांगायचं तर, आकडा चांगला आला तरच मी आत जाईन. तू उठ. दुसरं कोणी कुंपण घालू दे."

"दुसरं कोणी नाही. पुष्कर रजेवर आहे."

"मग घाल. आणि मग बाहेर जाऊन आईजवळ बस."

तिने कुंपण घातले. कुंपण रोजच्यासारखेच बारीक पडले. हातांना ते कोणाचे डोके आहे हे कोणी सांगितले नव्हते.

प्रोग्रॅमने थोडा विचार केला.

अठ्ठ्याहत्तर.

रामस्वामींनी श्वास सोडला. "चला. मऊ आहे. नळीनेच येईल." आणि ते हात धुवायला गेलेसुद्धा.

हेमा उठली नाही. कुंपणाच्या आत पांढरे होते, बरोबर. पण तिने डोळे पलीकडे नेले. दुसऱ्या बाजूची, बरी असलेली रक्तवाहिनी. तिथे गुठळी नव्हती, नुसते वाहते रक्त होते. तेही पांढरट होते. मागच्या मोठ्या शिराही पांढरट. सगळ्या डोक्यातच कोणीतरी खडू उगाळला होता.

अप्पांनी काल रात्रीपासून पाणी घेतले नव्हते. कत्तिरीचे, मे महिन्यातले भाजणारे ऊन. घरातला एसी बिघडलेला. त्यात रक्तदाबाची ती गोळी, जी अंगातले पाणी काढते. ती मात्र त्यांनी काल रात्री नेमाने घेतली असणार. रक्त आटले होते. आटलेले रक्त स्कॅनवर पांढरे दिसते, गुठळी असो नसो. प्रोग्रॅमला उपास माहीत नव्हता. दोन्ही बाजू ताडून पाहायला तो शिकलेला नव्हता. शिकवायला हवे असे हेमा एका बैठकीत म्हणाली होती, तेव्हा सगळे म्हणाले होते, फरक किरकोळ पडेल.

तिने मनातल्या मनात एका बाजूतून दुसरी बाजू वजा केली.

गुठळी करडी होती.

रक्ताचा अहवाल यायला वेळ होता. रामस्वामी हात धुऊन पुन्हा दारात आले. हातमोज्यांचे हात वर धरलेले. "अजून काही सांगायचं आहे का मा?"

आकडा चांगला आला तरच मी आत जाईन.

"नाही," हेमा म्हणाली.


पंगत

मांबलमचे कल्याणमंडपम, लग्नाचे सभागृह. लांब पंगत. केळीची शंभर पाने, शंभर पानांवर शंभर सत्यनारायण राव. सगळ्यांच्या अंगावर तेच पांढरे वेष्टीचे धोतर, तीच सोनेरी काडीची चष्म्याची फ्रेम, सगळ्यांच्या कानामागे खळगा. कोणी बोलत नाही. एकादशी आहे, पाने रिकामी आहेत.

प्रोग्रॅम म्हणतो, यातल्या अठ्ठ्याहत्तरांची गुठळी निघेल, ते उठतील आणि बोलतील.

हेमा म्हणते, नाही.

हेमा पंगतीतून चालत जाते आणि एकेकाच्या खांद्यावर हात ठेवते. तुम्ही बसा. तुम्हीही बसा. ज्याच्या खांद्यावर हात पडतो तो वर बघतो आणि काही म्हणत नाही. पंगत संपता संपता उभे राहू शकणारे मोजके उरतात. वीसेक. तिला त्यांच्यात आपला कोणता ते ओळखता येत नाही. सगळेच आपले आहेत.

बसवलेल्यांपैकी काही जण उठणार नाहीतच. काही जण पंगतीतच आडवे होतील, कारण नळी आत गेली होती म्हणून. नळी गेली नसती तर ते निदान बसून राहिले असते.

तिने हे सगळे ठाऊक असून "नाही" म्हटले.

तिला विसातला एक हवा होता.


बाहेरचा काप, हाडापलीकडचा

ऑपरेशनच्या खोलीबाहेर स्टीलच्या खुर्च्या. अम्मा एका खुर्चीत मांडी घालून बसली होती. पिशवीत अप्पांची जपमाळ, चष्मा आणि त्यांचा तो चांदीचा पेला, जो उद्या सकाळी पारण्याला लागणार.

"नवीनला कळवलं?" अम्माने विचारले.

"फोन लागत नाही. श्रीपेरुंबुदूरला कारखान्यात जाताना फोन गेटवर ठेवून घेतात. सुपरवायझरला निरोप दिलाय."

"कार करतो म्हणे. बापाला आणायला ऑटो." अम्माने पदराने मान पुसली. "तुझी मशीन काय म्हणते गे?"

"अठ्ठ्याहत्तर."

"शंभरात?"

"शंभरात."

"डिस्टिंक्शन की!" अम्मा खरोखर हसली. "जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना नापास केलं तेनी. आता तेनीच डिस्टिंक्शनात पास."



हसू गेल्यावर अम्मा बराच वेळ पेला फिरवत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "तुला एक सांगू? डॉक्टरला सांगू नकोस."

"काय?"

"तू गेल्यावर मी देवघरात डोकावले. तेनी डाव्या हातानी जप करत होते."

हेमा वळली.

"मी म्हटले, अय्यो, लाज आहे का, डाव्या हातानी माळ? सत्त्याहत्तर वर्षांचे झाले. तेनी माझ्याकडे बघून हसले. असे. अर्ध्या तोंडानी." अम्माने तोंडाची एक बाजू वर ओढून दाखवली. "मला वाटले, चिडवतात. मौनात असले की असेच चिडवतात मला. मीही जीभ काढून दाखवली." ती थांबली. "जीभ काढून दाखवली गे मी. आणि स्वयंपाकघरात गेले. अस्के आवरले, सगळे डब्बे पुसले. दुपारी माळ खाली पडल्याचा आवाज आला तेव्हा गेले."

"अम्मा."

"बोलले असते तर कळले असते. दुसऱ्या कोणाचा नवरा बोबडा बोलला असता, बायकोला कळले असते. माझ्या नवऱ्याचे पुण्य आड आले."

नर्स श्रीदेवी दार ढकलून बाहेर आली, कपाटातून एक पाकीट घेतले.

"निघाली?" हेमाने विचारले.

"पहिल्यांदा नाही आली. पुन्हा ओढतायत."

दार बंद. अम्माने हेमाकडे पाहिले. "अठ्ठ्याहत्तर म्हणालीस न?"

हेमाने मान हलवली. हो आणि नाही दोन्ही होईल अशी.

श्रीदेवी पुन्हा आली. दुसरे पाकीट. या वेळी तिने हेमाच्या डोळ्यांत पाहिले नाही. "तिसऱ्यांदा," ती जाता जाता म्हणाली.

पाकिटावरचे नाव हेमाने वाचले होते. नळी. पुन्हा नळीच.

कारण आकडा म्हणाला, मऊ आहे. मऊ असली की नळी. रामस्वामी शहाणे होते, प्रोग्रॅमवर विश्वास ठेवणारे होते, आणि तो विश्वास तिनेच त्यांना तीन वर्षे शिकवला होता. एकेक खेप म्हणजे नसेच्या आतल्या कातडीवर एक ओरखडा. ते नळीनेच ओढत राहतील. नस सुजेपर्यंत. फाटेपर्यंत. तिच्या एका "नाही"ने अप्पांना दारातून आत नेले होते आणि तोच "नाही" आता आत उभा राहून त्यांचा गळा धरत होता.

"कुठे चाललीस?" अम्मा म्हणाली.


फुटलेला काप

काचेमागे रामस्वामी. अंगावर शिशाचा जड कोट. समोरच्या पडद्यावर अप्पांच्या डोक्यातली झाडासारखी रक्तवाहिनी, एक मोठी फांदी मध्येच कापलेली.

हेमाने माइकचे बटण दाबले.

"डॉक्टर, नळी नको. ती."

रामस्वामींनी वर पाहिले नाही. "हेमा, बाहेर जा."

"ती मऊ नाही. उपास आहे. पाणी नाही घेतलेलं, कालपासून एक थेंब. रक्त आटलंय. दुसरी बाजू बघा, दुसऱ्या बाजूची नस पण पांढरी. आकडा चुकीचा. अठ्ठ्याहत्तर नाही. वीस. वीसच्या जवळपास. चिवट आहे. जाळी घाला. नळीने नाही येणार, तुम्ही कितीही. जाळी."

काचेमागे सगळे थांबले.

"रक्ताचा अहवाल आला का बघा," रामस्वामी कोणाला तरी म्हणाले. कोणीतरी पाहिले, मान हलवली. रक्त घट्ट होते. फार घट्ट.

"तुला हे कधी कळलं?"

"स्कॅन बघतानाच."

"मी विचारलं होतं."

"हो."

"मी दारात उभा राहून विचारलं होतं."

"सांगितलं असतं तर तुम्ही गेला नसता."

"नसतोच गेलो." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरे झाले असते. "आता ऐक. तीन वेळा ओढून नस चिडली आहे. जाळी उघडली आणि नस फाटली तर ते या टेबलावरून उठणार नाहीत. इथेच थांबलो तर बहुतेक जगतील. उजवं अंग जाईल. बोलणं जाईल. आकडा सांगू नकोस. आकडा आता मला नको. मुलगी म्हणून सांग. थांबू?"

बाहेर अम्मा होती, तिला विचारता आले असते. पण तिला विचारायचे म्हणजे आधी अठ्ठ्याहत्तर परत घ्यायला हवे होते.

हेमाला अप्पांचे बोलणे आठवायचे होते. अख्खे एक वाक्य. आठवली ती फक्त वर झालेली बोटे. सकाळचा उजेड, खुर्ची, हात.

डावा. डावाच होता. माळ उजव्या मांडीवर पडली होती आणि वर झाला होता तो डावा हात. तिने पाहिले होते. पाहिले आणि चप्पल घातली. तेव्हा इंजेक्शन देता आले असते.

"जाळी," ती म्हणाली.


करडा काप

पडद्यावर कापलेल्या फांदीत एक बारीक जाळी उघडली. फुलली. सगळ्यांनी वाट पाहिली, धागे गुठळीत रुतावेत म्हणून. मग रामस्वामी ओढू लागले, इतके हळू की ओढतायत असे वाटेना. झाडाची फांदी ताणली गेली, खोडाकडे झुकली. अख्खे झाड मुळासकट उपटून येईल की काय असे हेमाला वाटले. तिने काचेवर कपाळ टेकवले.

फांदी सुटून मागे गेली.

नळीतून रक्तात रंग सोडला. खोडातून वर चढला, फांदीत शिरला, एका डहाळीत, दुसऱ्या डहाळीत. तिसऱ्या डहाळीच्या तोंडाशी थांबला आणि पुढे गेलाच नाही. तुकडा तुटून तिथे बसला होता. त्यामागचे सगळे अंधारात राहिले.

"त्याच्या मागे मी जाणार नाही," रामस्वामी म्हणाले.

बाहेर येताना त्यांच्या हातात कापसाची घडी होती. त्यांनी ती हेमासमोर धरली. गुठळी ओल्या शेवईच्या तुकड्याएवढी होती. पांढुरकी. बोट लावले तर रबरासारखी लागली.

"आधी बोलली असतीस तर मी आत गेलो नसतो," ते म्हणाले. "आत्ता बोलली नसतीस तर चौथ्यांदाही नळीच घातली असती. मी अहवालात काय लिहू, तूच सांग मा." उत्तराची वाट न बघता त्यांनी शिशाचा कोट उतरवला. पाठ घामाने भिजली होती. "उद्यापासून माझ्या खोलीत तुझा प्रोग्रॅम नको. आणि आईला खरा आकडा सांग. माझ्याकडून कळायला नको."

"तिसरी डहाळी," हेमाने विचारले, "कुठली होती?"

तिला माहीत होते कुठली, जिथे बोलणे राहते तिकडे जाणारी. तिला दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायचे होते. त्यांनी ऐकवले नाही.


सर्वांत वरचा काप

अतिदक्षता विभागाला खिडक्या नाहीत. प्रत्येक पलंगावर एक दिवा, रात्रंदिवस जळणारा. अप्पांचे डोळे उघडे होते. उजवा हात चादरीवर कोणी विसरून गेल्यासारखा. डावा अम्माच्या हातात.

हेमाने अम्माला सांगितले. आकडा, उपास, "नाही", सगळे. अम्माने ऐकले. मध्ये एकदाही थांबवले नाही. सांगून झाल्यावर म्हणाली, "मी जीभ काढून दाखवली. तू तोंड बंद ठेवलेस. चांगल्या बायका मिळाल्या तेनला." आणि पुन्हा अप्पांकडे वळली.

काही वेळाने तिने विचारले, "सूर्य गेला का गे?"

"गेला असेल."

"गेला असेल नको. बघून ये."

हेमा जिन्याच्या खिडकीपर्यंत जाऊन आली. गिंडीच्या बाजूला आकाश विटकरी झाले होते, रस्त्यावरचे दिवे लागले होते. "गेला."

"मग अजून बोलत का नाहीत?"

"अम्मा, ते आता. तिसरी डहाळी म्हणजे. अम्मा."

"तेनी सांजेला दिवा बघून मौन सोडतात. इथे दिवा दुपारीच लावून ठेवलाय. तेनला कसे कळणार, सांज झाली ते?" अम्माने वरच्या दिव्याकडे असे पाहिले की जणू शेजारच्या रंगाची स्कूटरच तिथे लावली होती. "हा विझव. विझवून पुन्हा लाव."

हेमाने श्रीदेवीकडे पाहिले. श्रीदेवीला त्यांची भाषा कळत नव्हती. हेमाने तिला तमिळमध्ये सांगितले. श्रीदेवीने मॉनिटरकडे पाहिले, दाराकडे पाहिले आणि म्हणाली, "पलंगावरचाच. पटकन."

बटण उशाशी, भिंतीवर होते.

हेमाने ते दाबले.

अंधार पडला तो एवढ्याएवढ्याच जागेवर, एका पलंगापुरता. मॉनिटरच्या हिरव्या रेघेत अप्पांचा चेहरा अर्धा दिसत होता. कुठला अर्धा ते कळत नव्हते. अंधारात ते पुन्हा सकाळचे अप्पा होते, खुर्चीतले, गप्प, स्वतःच्या मर्जीने गप्प. आत सगळे साठत होते. पेपर, स्कूटर, डावा हात, काढून दाखवलेली जीभ, दारातून पाहून निघून गेलेली मुलगी.

"आज लई साठले असेल तेनचे," अम्मा कुजबुजली. तिने पदर नीट केला, पुढे वाकली, त्यांच्या तोंडाजवळ कान नेला. "लाव आता."

हेमाचे बोट बटणावर होते. दिवा लागेपर्यंत ते मौनच होते.

"हेमा. लाव गे."

मागून श्रीदेवी म्हणाली, "मॅडम, लाइट."

हेमाने बोट उचलले नाही, दाबलेही नाही.